लाइट गेल्यानंतरचा भाग

दूधवाल्याला नुसतं 'आज दूध नको' म्हणणं मेजरबाईंना कधी जमलं नाही. त्या दारात यायच्या, डावा हात कमरेवर ठेवायच्या, आवाज खर्जात उतरवायच्या आणि म्हणायच्या, "आज चौकी को रसद नहीं चाहिए. कल सूर्योदय पर हाज़िर होना." दूधवाला मुकाट्यानं सायकल वळवायचा. पहिल्यांदा मी हे शेजारच्या ओट्यावरून पाहिलं तेव्हा मी हातातलं काम टाकून घरात पळाले. नुकतीच लग्न होऊन मी चिमूरहून आलापल्लीला, वनखात्याच्या कॉलनीत आले होते. आमच्या आणि बाईंच्या घरात एकच भिंत होती, आणि भिंतीपलीकडची बाई ही अशी. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं तर तो हसत सुटला. "अवं, ते सिरियल पाह्यते ना. तिच्यातला मेजर असाच बोलते. रविवारी तू बी चाल."

ती सिरियल म्हणजे 'अंतरिक्ष चौकी'. ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. आकाशात फार लांब, जिथे कोणाच्या शत्रूचीही बदली होऊ नये अशा ठिकाणी एक चौकी असते. तिथे दोघंच, एक मेजर आणि त्याचा यंत्रमानव हवालदार. येणारी-जाणारी यानं थांबवायची, तपासायची, अडचणीत असतील त्यांना मदत करायची आणि पुढे सोडायचं, एवढंच त्यांचं काम. चौकीचं दार थर्माकोलचं आहे हे आम्हालासुद्धा दिसायचं, आणि हवालदाराच्या छातीवर लुकलुकणारे दिवे सरळसरळ लग्नाच्या मांडवातले होते. पण सागवानाचे ट्रक अडवण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आमच्या कॉलनीतल्या माणसांना ते सगळं घरचं वाटायचं. नाक्यावर पहारा करणारे वाचरभाऊ पहिल्या भागापासून म्हणत आले, "आपलाच नाका आहे गा, फक्त वरतं नेला."

टीव्ही होता तो बाईंच्या घरी. त्यांचे यजमान लाकडाच्या डेपोत बाबू होते, मितभाषी, सुपारी कातरत बसणारे. त्यांनी एवढी एकच चैन केली असावी. अंगणात उंच बांबू रोवून त्यावर ॲन्टेना चढवला होता, आणि रविवारी संध्याकाळी कोणीतरी तो बांबू दोन्ही हातांनी धरून फिरवत उभा असायचा. पडद्यावर निम्म्या वेळी मुंग्या दिसायच्या. तरी बाईंच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. नेहमीचे मानकरी ठरलेले होते. एक वाचरभाऊ. दुसरे कंडक्टरभाऊ, एसटीतले, जे रविवारी ड्यूटी घ्यायला लागू नये म्हणून बाकीचे सहा दिवस डेपो मॅनेजरची मर्जी राखत. तिसऱ्या दवाखान्यातल्या सिस्टर, ज्या कधी कधी पांढऱ्या साडीवरच धावत यायच्या. आणि चौथी मी, नव्या नवरीला शोभेल अशी मागे भिंतीला टेकून बसणारी.

आता आमच्या भागातल्या विजेबद्दल सांगायला हवं. आलापल्लीपर्यंत येणारी तार लांबच लांब जंगलातून यायची. जरा वारा सुटला, एखादी वाळकी फांदी तारेला टेकली, की आख्खं गाव अंधारात. ती फांदी नेमकी कुठे टेकली आहे हे शोधत लाइनमन बिचारा सायकलवरून निघायचा, आणि तो शोधेपर्यंत सिरियल संपलेली असायची. मेजर दार उघडतोय, दाराबाहेर कोणीतरी उभं आहे, हवालदाराचे दिवे लाल झालेत, आणि गेली लाइट. सगळे थोडा वेळ अंधारात तसेच बसून राहायचे. मग कोणीतरी उसासा टाकायचं आणि चपला चाचपडत माणसं घरोघरी जायची. अख्ख्या मालिकेत मी शेवटपर्यंत पाहिलेले भाग हाताच्या बोटांवर मोजता येतील.

पण सोमवारी दुपारी पुढचं कळायचं. बाई ओट्यावर सूप घेऊन बसायच्या, एकेक जण काहीतरी निमित्त काढून तिथे यायचा, आणि बाई सुपातून मान वर न करता म्हणायच्या, "तुमी सारे गेले आन् घडीभर लाइट आली ना. पाह्यलं मी बाकीचं." मग त्या सांगायच्या. नुसतं 'असं झालं, तसं झालं' नाही. मेजरचा खर्जातला आवाज, हवालदाराचा नाकातला आवाज, दार उघडण्याचा करकर आवाज, सगळं करून. सांगता सांगता मेजर असं एखादं वाक्य बोलून जायचा की ऐकणारा ते घरी घेऊन जायचा. आठवडाभर कॉलनीत तेच वाक्य चालायचं, नळावर, नाक्यावर, दवाखान्यात.

लाइट आलेली नसायची. मला पक्कं ठाऊक होतं, कारण भिंतीच्या अलीकडे मी कंदील लावून बसलेली असायची. शिवाय सोमवारी सकाळी पुरुषमाणसं कामावर गेली की भिंतीतून मला दुसरंच काही ऐकू यायचं. दगडावर चारोळी फोडण्याचा टकटक आवाज, आणि त्या तालावर बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघायच्या. कधी मेजरच्या आवाजात, कधी हवालदाराच्या. शब्द मागेपुढे करायच्या, एखादा काढून टाकायच्या, थांबायच्या, 'हव, असंच' म्हणायच्या आणि पुढची चारोळी फोडायच्या. स्वभावानं मी जरा संशयी आहे, माहेरीही मला तशीच ओळखायचे. तरीही हे समजायला मला दोन-तीन सोमवार लागले. अर्धा मेजर दिल्लीहून येत होता आणि अर्धा आमच्या भिंतीपलीकडे तयार होत होता.

एकदा मी चढेलपणा केलाच. सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, काल लाइट किती वाजता आली होती?" बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाल्या, "तुले झोप लागली असन वं." पुढच्या रविवारी पुन्हा लाइट गेली, आणि सोमवारच्या भागात चौकीवर एक नवी पोरगी भरती झाली. घरची आठवण काढून ती रडत बसली होती. मेजर तिला म्हणाला, "नई जगह को दो बरसात दे, फिर बोल पराई है." बाई हे बोलल्या तेव्हा त्यांची नजर सुपातच होती. मी उठून घरात गेले आणि दार लावून पोटभर रडले. चिमूर सोडल्यापासून मी रडले नव्हते, आणि हे त्या बाईला भिंतीपलीकडून कसं कळलं कोण जाणे. त्यानंतर मी लाइटबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट कोणी शंका काढेल तर त्याला गप्प करायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

खरं तर जरा कान देऊन ऐकलं असतं तर कोणालाही फरक कळला असता. लाइट जाण्याआधी मेजर शुद्ध हिंदी बोलायचा, 'कदापि' आणि 'तत्पश्चात' वगैरे. लाइट गेल्यावर तो 'अपन' आणि 'अपने को' वर यायचा. लाइट जाण्याआधी त्याला कधी भूक लागलेली मी पाहिली नाही. लाइट गेल्यावर मात्र त्याचं जेवणाशिवाय पान हलायचं नाही. पाहुणा शत्रू असो की मित्र, आधी त्याला जेवू घालायचा आणि मग चौकशी करायचा. "डर आया है तो बैठने दे उसको, चाय पिला, फिर पूछ काम क्या है," हे वाक्य त्याचंच, म्हणजे बाईंचंच. एकदा तर त्यानं अंतराळात आमच्या भागातली लाखोरीची डाळ शिजवली आणि हवालदाराला फोडणी जळाली म्हणून झापलं. मी गालात जीभ दाबून हसू आवरलं. बाकीचे तल्लीन होऊन ऐकत होते.

बाईंची खरी कला अशी की कोणाला कुठलं वाक्य लागणार आहे हे त्यांना आधीच कळायचं. कंडक्टरभाऊ बाजाराच्या दिवशी गाडीत माणसं भरताना शिव्या खायचे आणि द्यायचे. त्या आठवड्यात मेजरनं एका फुटक्या यानातली सगळी माणसं आपल्या इवल्याशा चौकीत घेतली आणि म्हणाला, "सीट नहीं है तो क्या, जगह तो है." कंडक्टरभाऊंनी पुढे रिटायर होईपर्यंत दाराशी उभं राहून हेच म्हटलं. सिस्टरांच्या वाट्याला आलं, "पहले साँस ले, फिर रिपोर्ट दे." बाळंतपणाच्या खोलीत घाबरलेल्या पोरींना त्या हे हिंदीतच सांगायच्या, आणि माडिया बोलणाऱ्या पोरींनाही त्याचा अर्थ कळायचा. माझी मुलगी मनू जन्मली तेव्हा सिस्टर माझ्या कानाशी तेच ओरडत होत्या.

वाचरभाऊंचं वाक्य मात्र वेगळं होतं. त्यांचा थोरला मिरची तोडायला माणसांबरोबर तेलंगणात गेला आणि बाकीचे परतले तरी तो परतला नाही. कोणी म्हणे अमक्या गावी दिसला, कोणी म्हणे दुसऱ्या मुकादमाबरोबर गेला. दिवस जात चालले. शेजारपाजारचे लोक कुजबुजू लागले, आणि वाचरभाऊंच्या घरी त्याचं नाव काढणं बंद झालं. त्याच सुमाराला सिरियलमध्ये हवालदार चौकीबाहेर दुरुस्तीला गेला, दोर तुटला, आणि तो काळ्या आकाशात लांब लांब जाऊ लागला. तिथेच लाइट गेली. सोमवारी बाई सांगू लागल्या तेव्हा वाचरभाऊ पायरीवर खाली मान घालून बसले होते. बाईंच्या मेजरनं रात्री जेवायला बसताना हवालदाराचं ताट मांडलं. यंत्रमानव जेवत नाही ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या मनातही आली नाही. मदतीला आलेला नवा शिपाई ते ताट उचलायला गेला तसा मेजर त्याचा हात धरून म्हणाला, "जो लौटा नहीं, उसकी थाली अपन उठाते नहीं."

त्या रात्रीपासून वाचरभाऊंच्या घरवालीनं पोराचं ताट मांडायला सुरुवात केली. घरात त्याचं नाव पुन्हा निघू लागलं. वाचरभाऊ रजा टाकून सिरोंच्याच्या पलीकडे त्याला शोधायला गेले, रिकाम्या हातानं आले, पुन्हा गेले. शेवटी पोरगा सापडला, हिवतापानं पार खंगलेला, कोण्या परक्याच्या गोठ्यात पडलेला. तो वाचला. आज तो नातवंडांचा धनी आहे. पण ते वाक्य त्या घरात कायमचं राहिलं. पुढे त्या माउली वारल्या तेव्हा वाचरभाऊ सांत्वनाला आलेल्यांना हेच सांगत होते, की सिरियलमधल्या एका बोलावर तिनं पोराला धरून ठेवलं.

मग माणसं पांगली. बदल्या झाल्या, रिटायरमेंट झाल्या. बाईंचे यजमान बाबूजी वारले, बाई मुलाकडे नागपूरला गेल्या, आम्ही मात्र आलापल्लीतच राहिलो. टीव्ही रंगीत झाले, सगळ्यांच्या खिशात आले, आणि कंडक्टरभाऊंनी मोबाइलवर 'चौकी परिवार' नावाचा ग्रुप काढला. इतरांच्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि सुविचार येतात, आमच्यावर मेजर यायचा. आरमोरीहून सिस्टर लिहायच्या, 'पहले साँस ले.' कंडक्टरभाऊ लिहायचे, 'जगह तो है.' ज्यांनी सिरियल पाहिलीही नव्हती असे सुना-जावई त्यावर अंगठे दाखवायचे. महिन्यातून एकदा वाचरभाऊ नातवाकडून ताटाचं वाक्य लिहून घ्यायचे. मी सगळं वाचायची आणि दर वेळी चाट पडायची, कारण इतक्या वर्षांत त्या ग्रुपवर आलेल्यांपैकी जवळजवळ एकही वाक्य दिल्लीच्या मेजरचं नव्हतं. बाई मात्र कधी काही लिहायच्या नाहीत. नुसते हात जोडायच्या.

असं सगळं सुखानं चाललं होतं, आणि घात झाला तो माझ्याच घरातून. मनू पुण्यात नोकरी करते. मेजरची वाक्यं ऐकतच ती लहानाची मोठी झाली. कुठे कुठे शोधून तिनं इंटरनेटवर 'अंतरिक्ष चौकी'चे सगळे भाग मिळवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला चकित करायचं म्हणून तिनं मला न सांगताच ग्रुपवर जाहीर केलं, की दिवाळीला ती आलापल्लीला येते आहे, रविवारी आमच्या घरी सगळ्यांनी यायचं, आणि सुरुवात हवालदार हरवतो त्या भागानं करायची. ग्रुपवर आनंदाला उधाण आलं. वाचरभाऊंनी तर चक्क स्वतः बोलून आवाज पाठवला, "मी येतो. ते ताटाचं मले एकदा माया डोळ्यानं पाहाचं आहे."

पाचच मिनिटांत बाईंचा फोन. आवाज खर्जातला नव्हता.

"तुया पोरीनं हे काय काढलं वं?"

"बाई, तिले काय माहीत?"

"तुले तं माहीत होतं." मग म्हणाल्या, "मी लबाड ठरतो आता साऱ्याईत. बाकीच्याईचं जाऊ दे. वाचरभाऊच्या घरवालीनं पोराचं ताट मांडलं त्या बोलावर. ते तं गेली बिचारी. आता मी कोणाले सांगू का तो बोल खोटा होता?"

"तुमी येऊच नोका. मी सांगतो, तब्येत बरी नाई म्हणून."

"नाई आलो तं मागं बोलतीन. समोर बसतो. जे म्हणाचं ते तोंडावर म्हणतीन."

शुक्रवारी बाई आल्या. आधी कशा भरल्या अंगाच्या होत्या, आता साडीत हरवल्यासारख्या दिसत होत्या. दोन दिवस त्यांनी नीट जेवण केलं नाही. मी वाढायची, त्या भात ताटात इकडून तिकडे करायच्या. मनू त्यांच्या मागे लागली होती, "आजी, तो आवाज काढून दाखवा ना," आणि बाई म्हणायच्या, "घसा बसला बेटा." शनिवारी मी स्वयंपाकघरात त्यांना विचारलं, की सगळ्यांच्या आधी आपणच सांगून टाकलं तर? त्यावर त्या म्हणाल्या, "जीभ उचलत नाई माही. मी म्हातारी झालो, आन् या चार माणसाईशिवाय मले हे बाई म्हणून ओळखते कोण? नागपूरले मी नुसती आजी आहे." मी त्यांच्या हातातली कोथिंबीर घेतली आणि स्वतःच निवडत बसले.

रविवारी चार वाजताच मंडळी हजर. कंडक्टरभाऊंचे केस पांढरे झाले होते, आवाज तसाच दणदणीत होता. सिस्टर आरमोरीहून खास गाडी करून आल्या होत्या. वाचरभाऊ धुतलेलं धोतर नेसून, नातवाच्या गाडीवर मागे बसून आले आणि सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसले. बाई मागे भिंतीला टेकून बसल्या, पूर्वी मी बसायची तिथे. मला राहवेना. पाणी आणायच्या निमित्तानं मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि मीटरजवळच्या मेन स्विचवर हात ठेवला. जी लाइट आयुष्यभर नको तेव्हा गेली, ती आज हवी तेव्हा जायला तयार नव्हती. तेवढ्यात दारातून बाई दिसल्या. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी हात खाली घेतला आणि आत आले.

भाग सुरू झाला. तेच थर्माकोलचं दार, तेच मांडवातले दिवे, आणि चित्र इतकं स्वच्छ की मेजरच्या मिशीचा डिंकसुद्धा दिसत होता. सगळे लहान मुलांसारखे खूश झाले. हवालदार बाहेर गेला. दोर तुटला. "इथंच गेली होती," सिस्टर हळूच म्हणाल्या, आणि कंडक्टरभाऊ मोठ्यानं हसले. मग चित्र पुढे सरकलं. मेजरनं खिडकीतून बाहेर पाहिलं. हवालदाराची टोपी उचलून पेटीत ठेवली, पेटी बंद केली. लगेच पुढच्या दृश्यात दार उघडलं आणि नवा हवालदार आत आला. त्यानं सलाम ठोकला, मेजर म्हणाला, "कार्यभार सँभालिए." संगीत वाजलं, नावं सुरू झाली. ना ताट, ना जेवण.

वाचरभाऊंची पाठ मला दिसत होती, ती ताठ होती. मनू गोंधळून म्हणाली, "असं कसं? थालीवाला डायलॉग कुठे गेला? पुढच्या भागात असेल, थांबा, लावते." ती रिमोट शोधू लागली.

"नोको शोधू बेटा," मागून बाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, एक हात भिंतीवर. "कोणत्याच भागात नाई तो. मी बनवला होता. तो बी, आन् बाकीचे बी. लाइट कधीच नव्हती आली." त्या पुढच्या खुर्चीकडे वळल्या. "वाचरभाऊ, माफ करा मले."

कंडक्टरभाऊंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "लाइट नव्हती आली हे तं माहीतच आहे ना, बाई. आमी बी त्याच तारेवर होतो."

बाईंचा भिंतीवरचा हात खाली आला.

"आन् वरतं लाखोरीची डाळ कुठून आणन तो मेजर?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. "मी तं घरी जाऊन पोट धरून हसलो होतो त्या दिवशी."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?" बाईंचा आवाज चढला. "साऱ्याईले? आन् मंग मले काऊन नाई बोलले? मी भेऊन भेऊन राह्यलो इतके वर्ष! आता दोन दिवस घास उतरला नाई माया गळ्याखाली!"

वाचरभाऊ खुर्चीत हळूहळू मागे वळले. ते फार कमी बोलणारे. म्हणाले, "बोललो असतो, तं पुढच्या सोमवारी तुमी सांगतलं असतं का?"

बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "आन् वहिनीले? ताट मांडे ते?"

"तिले बी माहीत होतं. मले आज फक्त डोळ्यानं खात्री कराची होती. मीच म्हणलं होतं तिले, का हे मेजरचं नाई, हे बाईनंच बनवलं असन. ते म्हणे, मंग तं बरंच झालं. मेजर माया पोराले ओळखत नाई. बाई ओळखते."

पदर तोंडाला लावून बाई रडत होत्या की हसत होत्या हे आधी कळेना. दोन्ही असावं. माझाही जीव असा काही भांड्यात पडला की मी तिथेच जमिनीवर बसकण मारली. आणि बसल्या बसल्या मला रागही आला. इतकी वर्षं मी एकटी त्या गुपिताची राखण करत होते, लोकांना गप्प करत होते, रात्री-अपरात्री काळजी करत होते, आणि आख्खी कॉलनी ते जाणून होती! मी तसं बोललेही. सिस्टर म्हणाल्या, "तुयाबद्दल बी माहीत होतं. तू डोळे वटारून पाहे आमच्याकडं, मंग आमी कायले विचारू?" मनू एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होती. शेवटी तिनं विचारलं, पुढचा भाग लावू का? कंडक्टरभाऊ म्हणाले, "बंद कर तो टीव्ही. बाई, ताटापासून सांगा."

बाईंनी डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला, घसा खाकरला. डावा हात कमरेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नागपूरच्या गाडीत बसवायला गेले. रात्री त्या दोनदा भात मागून जेवल्या होत्या आणि उजाडेपर्यंत गाढ झोपल्या होत्या. चेहरा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ दिसत होता. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी कोणी अनोळखी बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, लेकरू किरकिर करत होतं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मी म्हटलं, पोचल्यावर फोन करा. बाई 'हव' म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या शेजारच्या बाईकडे पाहत होत्या, आणि ओठातल्या ओठात काहीतरी शब्द मागेपुढे करून बघत होत्या.